अनुमोदक कोण?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या थोरल्या आत्याचं नाव घेईन. भोर संस्थान फार पूर्वी विलीन झालं असं मी शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. पण ते पुरतं खरं नाही. त्या संस्थानाचा दोन खोल्या आणि एक न्हाणी एवढा तुकडा विलीन व्हायचा राहून गेला, आणि तिथं अजून माझ्या आत्याचं राज्य चालू आहे. त्या राज्यात अर्ज केल्याशिवाय काही मिळत नाही, ठराव झाल्याशिवाय काही बदलत नाही, आणि घाई करणाऱ्याचा विषय हटकून तहकूब होतो.

याचं कारण असं, की आत्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं शिपाई होती. नवरा तिथंच नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर ही लागली. शिक्षण चौथीपर्यंत. पण तीस वर्षं चहाचा ट्रे हातात धरून तिनं दारापलीकडच्या इतक्या सभा ऐकल्या, की निवृत्त होताना तिला जेवढे नियम पाठ होते तेवढे साहेबांनाही नव्हते. "सायेब बदलत्यात लेका, दार तेच ऱ्हातंय," ती म्हणायची. "म्या दाराला शिकले." माणूस कुठला कागद घेऊन आलाय आणि खरं बोलणार की नाही, हे त्याच्या चालण्यावरून ती ओळखायची. सरकारी कामाबद्दल तिचे काही सिद्धांत होते. त्यातला एक तर मी आजही पाळतो. "कचेरीत उभं ऱ्हायाचं न्हाई, बसायचं. उभ्या मानसाला 'उद्या या' म्हनाया सोपं जातं. बसलेल्याला आधी उठवाय लागतं."

निवृत्तीच्या दिवशी तिनं हार गळ्यात असतानाच जाहीर केलं होतं, की आजपासून मी कुणालाही चहा नेऊन देणार नाही. आणि ती खरंच द्यायची नाही. घरी पाहुणा आला की चहा करायची, उत्तम करायची, किटली भरून स्टुलावर ठेवायची आणि आपण भिंतीला टेकून बसायची. "किटली तितं हाय, कप तितं हायती." मग तो पाहुणा कोणीही असो. एकदा तिच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क तिची विचारपूस करायला आले. त्यांनी बापडे निमूट उठून स्वतःचा चहा ओतून घेतला, आणि वर आत्याला विचारलं, "बाई, तुम्हाला देऊ?" आत्या म्हणाली, "द्या." मला वाटतं, तीस वर्षांच्या नोकरीत तिला मिळालेली सगळ्यात मोठी बढती ती.

मी बारावी झाल्यावर बी.एस्सी.साठी भोरला तिच्याकडे राहायला आलो. आमचं मूळ गाव वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या अंगाचं. तिथं भाताचे दोन तुकडे. पण आई-वडील आणि धाकटी बहीण राहायचे शिवऱ्याला, भाड्याच्या खोलीत, कारण आप्पा हायवेजवळच्या एका कारखान्यात कामाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे मी पुस्तक उघडलं तरी आप्पा रेडिओचा आवाज कमी करायचे, मग ते पुस्तक कुठलंही असो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या कारखान्याला ऑर्डरी येईनाशा झाल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग एक पाळी गेली, मग आप्पा गेले. हायवेवरच्या इतर कंपन्यांतही तेच चालू होतं. गेटावर माणसं घ्यायच्याऐवजी घरी पाठवत होते. आप्पा पंधरा दिवस रोज डबा घेऊन काम शोधायला बाहेर पडत होते आणि डबा खाऊन परत येत होते. ही बातमी आत्याला लागली. दुसऱ्या दिवशी ती टेम्पो घेऊन शिवऱ्याला हजर. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "आक्का, बघू की आजून म्हयनाभर." आत्या टेम्पोतून उतरलीसुद्धा नाही. "दोन चुली कशापायी? भांडी भर." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हा मानूस नुस्ता उभा ऱ्हाईल. तू जा आत."

असे आम्ही पाचजण दोन खोल्यांत आलो, आणि पहिल्याच रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर, अगरबत्ती विझायच्या आत, आत्यानं मिटिंग भरवली. विषय, घरखर्चात कपात. नियम तिनं उभं राहून सांगितले. ज्यानं त्यानं आपापला खर्च कापायचा. दुसऱ्याच्या खर्चाकडं बोट दाखवायचं नाही. आणि प्रत्येक ठरावाला एक अनुमोदक पाहिजे, त्याशिवाय ठराव पास नाही. आईनं भीत भीत विचारलं, "वन्सं, अनुमोदक म्हंजी?" आत्या म्हणाली, "तू जे बोललीस ते खरंच परवडंल का, ह्याला साक्षीदार."

पहिले आप्पा उठले. घसा खाकरून म्हणाले, "म्या आपलं, तंबाखू—" एवढ्यात आईनं "अनुमोदन!" म्हणून टाकलं. आप्पांना खरं तर तंबाखू निम्म्यावर आणतो असं म्हणायचं होतं. त्यांनी तसं सांगूनही पाहिलं. पण आत्या म्हणाली, ठराव पास झालेला आहे, आता फेरविचाराला नवा अर्ज करावा लागेल. आई इतकी आनंदात मी कधीच पाहिली नव्हती. मग तिनं आपण होऊन टीव्हीचं रिचार्ज सोडलं, आणि आप्पांनी सूड म्हणून अनुमोदन दिलं. माझी बहीण तेव्हा दहावीत होती. ती उठून म्हणाली, "दादाच्या केसाचं जेल बंद करा." आत्यानं तिला तिथंच बसवलं. "दुसऱ्याच्या डोक्यावरनं हात फिरवायचा न्हाई. तुझ्या डोक्याचं बोल." मग तिनं शाम्पू सोडला. मी कॉलेजातला रोजचा वडापाव सोडला, आणि लाज वाटून जेलही सोडलं. शेवटी आप्पांनी विचारलं, "आक्का, तुझं काय?" आत्यानं बराच विचार केला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "माझा कायबी खर्चच न्हाई रं. काय कापू?" आणि तिच्यापुरता विषय तहकूब झाला.

त्यानंतरचे महिने मला आज आठवतात ते हालाचे म्हणून नाही. आम्ही अडचणीत आहोत हे ठाऊक होतं, पण आत्याच्या कारभारात अडचणीला स्वस्थ बसायला वेळच मिळत नव्हता. गॅस वाचवण्यासाठी तिनं भात गोधडीत शिजवायला सुरुवात केली. भाताला एक सणसणीत उकळी आणायची, पातेलं झाकून दोन गोधड्यांत गुंडाळायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं. तासाभरात आतल्या आत मऊ भात तयार. एक दिवस तेच हेडक्लार्क पुन्हा आले आणि बसायला जागा नाही म्हणून कोपऱ्यातल्या गोधडीवर टेकले. थोड्या वेळानं चुळबुळ करीत म्हणाले, "बाई, इथं काहीतरी गरम आहे." आत्या शांतपणे म्हणाली, "भात हाय सायेब. धा मिंटं बसून ऱ्हावा, दाब चांगला बसलाय." ते बसून राहिले, आणि जेवूनच गेले.

पण तिचा सर्वांत मोठा निर्णय एसटीच्या तिकिटावरून झाला. नुकतंच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं. आत्यानं त्यावर दोन दिवस विचार केला आणि रविवारी मांडलं, "बाप्याचं तिकीट पुरं, बाईचं अर्धं. मंग बाप्या हिंडवायचा कशापायी? हितनं पुढं भायेरची कामं बायांनी करायची, घरातली बाप्यांनी." आप्पा हसले. हसणारे ते एकटेच आहेत हे लक्षात आल्यावर थांबले.

माझी आई तोवर एकटी कधी शिरवळपर्यंतसुद्धा गेली नव्हती. तिला आत्यानं सातबाऱ्याच्या कामासाठी थेट वेल्ह्याला पाठवलं. नसरापूरला गाडी बदलायची, हे आत्यानं तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. आप्पा दिवसभर दारात. संध्याकाळी आई आली ती सातबारा, गावाकडचे पायलीभर तांदूळ आणि एक वेगळाच आवाज घेऊन आली. "त्यो तलाठी म्हनला, उद्या या. म्या बसलेच. म्हनलं, उद्या बी हितंच बसते, तुमास्नी बरं वाटत आसंल तर." आत्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. पुढं आईनं बँक, रेशन, बहिणीचा अकरावीचा फॉर्म, सगळं पाहिलं. इकडं आप्पा भाकरी शिकत होते. त्यांची पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा बहीण निरखून म्हणाली, "आप्पा, हुबेहूब तोरणा झालाय. ही बघा, झुंजार माची बी आली." आप्पांनी तो गड मुकाट्यानं स्वतःच्या ताटात घेतला. महिन्याभरात मात्र त्यांच्या भाकऱ्या आईपेक्षा गोल होऊ लागल्या, आणि तंबाखूची आठवण आली की ते पीठ मळायला बसायचे.

असं सगळं करूनही जूनमध्ये माझ्या तिसऱ्या वर्षाची फी समोर आली. सवलत मिळाली तरी ती नंतर खात्यात येते. आधी भरावी लागते. आप्पांना तेव्हा कुठं चार दिवस काम मिळे, चार दिवस नाही. त्यात बहिणीचं अकरावीचं होतं. त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि म्हणालो, "मी कॉलेज सोडतो. हायवेच्या हॉटेलात पोरं घेतायत. माझा खर्च मी कापला."

कुणाला बोलताच येत नव्हतं. नियमच तसा होता. माझा खर्च, मीच कापलेला. आत्या माझ्याकडं बघत राहिली. स्वतःच घातलेल्या कुंपणात ती अडकली होती, आणि नियम मोडणं हे तिच्या रक्तात नव्हतं. मग ती सावकाश म्हणाली, "ठराव आला. अनुमोदक कोण?"

आईनं पदर तोंडाला लावला. बहिणीनं मान खाली घातली. आत्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "अनुमोदक कोण?" आता आप्पांनी तोंड उघडलं. त्यांची परिस्थिती मला दिसत होती. एक कमावता हात म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तोंड मिटून ते पिठाच्या परातीकडं बघू लागले.

"तिसऱ्यांदा इचारते. अनुमोदक कोण?" शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "अनुमोदक न्हाई. ठराव बारगळला," आत्या म्हणाली. "फुडचा इषय, मीठ."

फी भरली गेली. कुठून, ते मला कुणी सांगितलं नाही. आत्या रोज सकाळी दहाला छत्री घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी यायची. विचारलं तर "कचेरीत काम हाय" म्हणायची. जुन्या कचेरीत तिला कोणी बोलवत असेल, असं आम्ही समजलो. दोन महिन्यांनी मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलो. प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या आवारात एका वकिलाच्या टेबलाशी (आत्याच्या शिकवणीप्रमाणे) बसून होतो. तेवढ्यात तारेच्या जाळीत सहा ग्लास घेऊन कुणीतरी आलं, वकिलापुढं एक ग्लास ठेवला आणि दुसरा माझ्यापुढं. मी वर पाहिलं. आत्या होती.

तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "पी," ती म्हणाली. "वकिलाच्या खात्यावर हाय."

मी तिच्या मागोमाग टपरीपर्यंत गेलो. "आत्या, तू तर म्हणाली होतीस, कुणाला चहा नेऊन देणार नाही म्हणून."

"म्हनले व्हते. पर टपरीवाल्यानं तुझ्या फीचं पैसं आगाऊ दिलं." ती ग्लास विसळत होती. "समद्यांनी आपापला खर्च कापला. माझा एकच खर्च व्हता, तो मान. आन् त्यो लई म्हाग पडत व्हता लेका, तवा ध्यानात आलं न्हाई."

मी रागानं म्हणालो, "ह्याला अनुमोदन कुणी दिलं?"

"कुनी न्हाई. तू दे."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, जाळीत नवे ग्लास भरले आणि म्हणाली, "बरं, तहकूब." आणि गेली. जाता जाता एका अशिलाला सांगतानाही मी तिला ऐकलं, "ह्यो माझा भाचा. घरासाठी शिक्षान सोडाय निगाला व्हता, पोरगं!" हे ती सगळ्यांना सांगत असे. वकिलांना, स्टॅंप विकणाऱ्याला, भोर-स्वारगेट गाडीच्या कंडक्टरला. मी रस्त्यानं चाललो की लोक मला आदरानं वाट देत. त्या आदरानं माझं काय होत होतं ते मी कधी बोललो नाही.

मी पास झालो. नाशिकला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो, त्याला आता वर्ष होईल. आप्पा हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात सिक्युरिटीला लागले, आणि आई-वडील-बहीण परत शिवऱ्याला गेले. चुली पुन्हा दोन झाल्या. आई अजूनही बाहेरची सगळी कामं करते आणि भाकरी आप्पाच करतात. ते ठराव कुणी रद्द केले नाहीत. आत्या भोरला एकटीच असते. मी चहाचं काम सोड म्हणालो तर म्हणाली, "दुसऱ्याच्या खर्चाकडं बोट दावायचं न्हाई." मागच्या वेळी गेलो तेव्हा रविवार होता. वंदना झाली आणि ती सवयीनं भिंतीला टेकून बसली. थोडा वेळ आम्ही दोघंच होतो. मग ती स्वतःशीच हसून म्हणाली, "एकटीला मिटिंग घेता येत न्हाई रं. कोरम भरत न्हाई."

परत नाशिकला आलो आणि मला चैन पडेना. तिला मी एरवी फोन करतो, पण महत्त्वाचं फोनवर सांगितलेलं तिला चालत नाही. फोनवरचं बोलणं फायलीला लावता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे. म्हणून परवा मी तिला एक पत्र पाठवलं. जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते त्यात लिहिलं. तेच इथं उतरवतो.

प्रिय आत्या,

अक्षर मोठं काढलं आहे, म्हणजे तुला एकटीला वाचता येईल. आईला वाचायला देऊ नकोस. नंतर दिलंस तरी चालेल.

मी घरासाठी कॉलेज सोडायला निघालो होतो, असं तू लोकांना सांगतेस. ते खरं नाही. दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले होते, आणि ते मी घरी सांगितलं नव्हतं. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. मला निम्मं कळायचं नाही. शेजारची मुलं हसतील म्हणून मी विचारायचो नाही. आप्पांचं काम गेलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं, की आता सोडायला चांगलं कारण मिळालं.

त्या रविवारी आप्पांनी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी अनुमोदन द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. दिलं असतं तर मी आज हॉटेलात असतो आणि सगळे म्हणाले असते, पोरगं गुणाचं. त्यांनी दिलं नाही. तू विषय मिठावर नेलास, तेव्हा मला तुझा राग आला होता.

मग तू ग्लास उचललेस, आणि मला नापास होण्याची सोय उरली नाही. राहिलेले विषय मी त्या हिवाळ्यात सोडवले. सरांना जाऊन विचारलं. मुलं हसली. फार नाही हसली.

हे वाचून तुला वाईट वाटेल. तू माझ्या त्यागासाठी एवढं केलंस, आणि त्याग तर नव्हताच. मी भ्यायलो होतो. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पण आत्या, आता मला दुसरंच वाटू लागलं आहे. माणूस दारातून येताना तू ओळखतेस तो खरं बोलणार की नाही. त्या दिवशी तू माझ्याकडं इतका वेळ बघत होतीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल, तर इतकी वर्षं गावभर माझं कौतुक का करत राहिलीस? आणि कळलं नसेल, तर आज कळलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी येत्या रविवारी येतो आहे. रागावलीस तर रागाव, पण घरी राहा.

तुझा,
भाचा